मोठ्या मायचा आवाज आधी, किल्ला नंतर: घरचा आणि गावचा वारसा मोबाईलवर कसा जपायचा

पहिलं काम सांगतो, ते आजच करून टाका. मोबाईलमधले गुड मॉर्निंगचे फोटो, कुणी कुणी पाठवलेले व्हिडिओ, जुनी रील्स सगळं उडवा आणि निदान दहा जीबी जागा मोकळी करून ठेवा. कारण आमच्या खान्देशात (जळगाव, धुळे, नंदुरबारकडे) नागपंचमी झाली की येणाऱ्या रविवारी कानबाई देवी बसते, रात्रभर बाया गाणी म्हणतात, सोमवारी विसर्जन झालं की त्यातली कितीतरी गाणी पुढच्या श्रावणापर्यंत कुणाच्या तोंडून निघत नाहीत आणि पुढच्या श्रावणात म्हणणाऱ्या बायांतली एखादी कमी झालेली असते.

आमची मोठी माय म्हणजे माझी आजी, तिला आखाजीची (अक्षय तृतीयेची) गाणी इतकी यायची की झोक्यावर बसलेल्या पोरी दमून जायच्या पण तिचं गाणं संपायचं नाही. मी एकदाच तिला रेकॉर्ड केलं, अकरा मिनिटं, मोबाईल बाजेवर ठेवून, वर पंखा चालू. त्यातला एक छोटा तुकडा घरच्या ग्रुपवर टाकला आणि बाकीचं 'नंतर कॉम्प्युटरवर घेऊ' म्हणून राहू दिलं, तो मोबाईल पुढे हरवला, नंतर मोठी माय पण गेली. आता माझ्याकडे तो चाळीस सेकंदाचा तुकडा आहे, त्यात पंखा जास्त ऐकू येतो आणि ती कमी. खाली जे लिहिलंय ते सगळं त्या अकरा मिनिटांनी शिकवलेलं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

सगळ्यात आधी क्रम ठरवा. आपल्याकडे उलटं होतं, गावातली पोरं उत्साहात आली की पहिलं ड्रोन भाड्याने आणतात आणि किल्ल्याचा व्हिडिओ करतात, थाळनेरचा नाहीतर लळिंगचा, वर गाणं लावून. व्हिडिओ छान होतो पण किल्ला उद्या पण तिथेच आहे. देवळाचा दगड आठशे वर्षं उभा आहे तो अजून दोन पावसाळे थांबेल, पेटीतल्या कागदाला वाळवी लागलीय त्याला फार वेळ नाही, आणि ऐंशी वर्षाच्या बाईच्या आठवणीला तर बिलकुल वेळ नाही. म्हणून आधी आवाज, मग कॅसेटी, मग कागद आणि फोटो, मग दगड. जे आधी जाणार ते आधी टिपायचं.

आणि हे काही नवीन नाही, खान्देशात हे आधी झालेलं आहे. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी, त्यांना लिहिता वाचता येत नव्हतं, घरोटावर (जात्यावर) आणि वावरात त्या जे म्हणायच्या ते मुलाने, सोपानदेवांनी आणि मावसभावाने कागदावर उतरवून ठेवलं म्हणून 1951 साली त्या गेल्यावर पुढच्याच वर्षी ते पुस्तकात आलं आणि आज सगळ्या महाराष्ट्राला पाठ आहे. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा गीतेवर बोलायचे आणि साने गुरुजी समोर बसून लिहून घ्यायचे. म्हणजे बोलणारा असतोच, कुणीतरी समोर बसून घेणारा लागतो. त्यांच्याकडे कागद पेन्सिल होती, चाल आणि आवाज कागदावर येत नाही, आपल्या खिशात तर ते पण घेणारं यंत्र आहे.

आवाज कसा घ्यायचा

प्ले स्टोअरवरून असं कुठलंही रेकॉर्डर अ‍ॅप घ्या ज्यात वेव्ह (WAV) फॉरमॅट आहे. सेटिंगमध्ये 48 किलोहर्ट्झ, 24 बिट, मोनो करा. एका तासाला साधारण 500 एमबी लागतात म्हणून ती दहा जीबी जागा सांगितली. एमपीथ्रीमध्ये फाईल लहान होते पण आवाजातलं काही कायमचं फेकलं जातं, ते परत आणता येत नाही, वेव्हची एमपीथ्री नंतर कधीही करता येते. आणि समजा वेव्ह जमलंच नाही तर मोबाईलमध्ये जे आहे त्यावर घ्या, सेटिंग नीट नाही म्हणून रेकॉर्डिंग पुढे ढकलू नका.

मोबाईल फ्लाईट मोडवर टाका, नाहीतर ऐन गाण्यात फोन येतो. बहुतेक मोबाईलचा बोलायचा माईक खालच्या कडेला असतो, ती कड गाणाऱ्या बाईकडे करा, हातभर अंतरावर, आणि मोबाईल ओट्यावर किंवा टेबलावर तसाच ठेवू नका, खाली गोधडीची घडी घाला, नाहीतर बांगड्यांचा, ताटलीचा, हात आपटल्याचा प्रत्येक ठोका आत जातो. पंखा बंद, कूलर बंद, फ्रिज पण बंद (नंतर आठवणीने चालू करा). चैत्र-वैशाखात पंखा बंद म्हणजे त्या माउलीला त्रास, म्हणून सकाळी लवकर नाहीतर रात्री जेवणं झाल्यावर बसा. अ‍ॅपमधला मीटर लाल रंगात जायला लागला तर मोबाईल थोडा मागे घ्या, आवाज फाटला की तो नंतर दुरुस्त होत नाही. दोन-तीनशे रुपयाचा कॉलर माईक मिळाला तर उत्तम.

सुरुवातीला तुम्ही स्वतः बोला: आजची तारीख, गाव, तालुका, समोर कोण बसलंय, वय किती. आणि बाईंना एक प्रश्न विसरू नका, माहेर कुठलं? ही गोष्ट फार महत्त्वाची आहे, कारण गाणी बहुतेक माहेरची असतात. चोपड्यात पन्नास वर्षं नांदलेली बाई साक्रीकडचं गाणं म्हणत असते आणि आपण त्याच्यावर 'चोपडा' लिहून मोकळे होतो. कुणाकडून शिकलात, कधी म्हणायचं, कोण म्हणायचं, उत्तराला कोण असायचं हे सगळं त्याच रेकॉर्डिंगमध्ये विचारून घ्या, वेगळ्या वहीत लिहिलं की वही एकीकडे जाते आणि फाईल एकीकडे.

आता खरी अडचण. तुम्ही मोबाईल धरला आणि 'म्हणा' म्हटलं की उत्तर ठरलेलं, 'आते माले काय याद नही ऱ्हायनं बेटा.' खोटं नसतं ते. ही गाणी डोक्यात एकटी राहत नाहीत, कामाबरोबर राहतात. घरोट फिरायला लागला की ओव्या येतात, झोका हलला की आखाजी येते, भाद्रपदाच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत गुलाबाई (भुलाबाई) मांडलेली असते तेव्हा गुलाबाईची गाणी आपोआप सुरू होतात. म्हणून कामाच्या, सणाच्या वेळी जा. घरी जातं पडून असेल तर ते धुवून मांडा, मूठभर दाणे टाका आणि त्यांना बसू द्या. दुसरी युक्ती, एकटीला कधीच बसवू नका, तिच्या बरोबरीची एक जाऊ नाहीतर शेजारीण बोलवा, एकीची ओळ अडली की दुसरी पुढची ओळ धरते आणि दोघींचं भांडण लागलं 'अशी नाही, तशी आहे' तर ते भांडण सुद्धा रेकॉर्ड करा, दोन्ही पाठ खरे असतात. मधेच थांबवून 'परत म्हणा, नीट म्हणा' असं करू नका.

कानबाईच्या रात्रीचं थोडं वेगळं आहे. तिथे वाजंत्री, पोरांचा गोंधळ, रोटांची गडबड, शब्द कळत नाहीत. ती रात्र घ्याच, कारण ती रात्र म्हणजे तसाच आवाज, पण त्याच बायांना दोन-चार दिवसांनी निवांत बसवून तीच गाणी परत घ्या. वहीगायन म्हणजे डफावर म्हणायचं इकडचं लोकगायन, त्याचं पण तसंच, मोकळ्या मैदानात डफाखाली शब्द दबतात, तालमीच्या वेळी गेलात तर दोन्ही मिळतं. गाण्याच्या बाहेरचं पण घ्या, खापरावर मांडे टाकताना हात कसा फिरतो ते कृती लिहून कळत नाही, मोबाईल आडवा धरून, हलू न देता, पूर्ण मांडा उतरेपर्यंत एकच व्हिडिओ करा, तुकडे नका करू.

लिहून काढताना अहिराणीचं, म्हणजे आमच्या खान्देशातल्या भाषेचं, मराठी करू नका, ही माझी हात जोडून विनंती आहे. बाईंनी 'मना भाऊ' म्हटलं तर 'मना भाऊ'च लिहा, 'माझा भाऊ' शेजारी अर्थात लिहा. बोलून टाईप करायची सोय वापरली तर ती अहिराणी ऐकून तिचं मोडकं मराठी करून ठेवते, माझी दोन दिवसाची मेहनत त्यात गेली, शेवटी सगळं हाताने टाईप केलं. 2011 च्या जनगणनेत खान्देशी म्हणून (अहिराणी त्यातच धरतात) भाषा सांगितलेले लोक साधारण 18.6 लाख आहेत, तेवढ्या लोकांची भाषा आहे ही, चुकीची मराठी नाही. लेवा गणबोली, भिली, पावरी, मावची या इकडच्या बाकीच्या बोलींना पण हेच लागू. टाईप युनिकोडमध्येच करा, जुन्या डीटीपीच्या फॉन्टमध्ये केलेलं दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडलं की चित्रविचित्र अक्षरं दिसतात.

परवानगी घ्या आणि ती पण आवाजात घ्या. 'हे मी ठेवू का, गावाला ऐकवू का, इंटरनेटवर टाकू का' हे तीन प्रश्न वेगळे विचारा, कारण तिन्हीला उत्तर वेगळं येऊ शकतं. लोकगीतावर कुणा एकाची मालकी नसते पण ते गाणाऱ्याचा आपल्या गाण्यावर कायद्याने हक्क असतो, आणि कायदा राहू द्या, ज्या बाईने दिलं तिचं नाव त्याच्याबरोबर जायलाच हवं. सातपुड्यात, साक्रीच्या डोंगराकडे गेलात तर जास्त जपून. तिथल्या आदिवासींच्या डोंगऱ्या देवाच्या विधीतल्या काही गोष्टी बाहेरच्याला दाखवायच्या नसतात, नाही म्हटलं तर मोबाईल खिशात टाका आणि नुसतं बसा. काठी गावच्या होळीला हजारो मोबाईल वर असतात, पण ज्याच्या अंगावर मोरपिसं आणि घुंगरं आहेत त्याला नाव विचारणारा एखादाच असतो.

अक्कलकुवा आणि धडगावकडच्या लोकांबद्दल एक वेगळं काम आहे. सरदार सरोवरात महाराष्ट्रातली 33 गावं बुडिताखाली आली, लोक खाली तळोदा-शहाद्याकडे वसवले. तिथल्या म्हाताऱ्या माणसांजवळ नकाशाचं अ‍ॅप उघडून सॅटेलाईटचं चित्र दाखवत बसा आणि विचारा, इथे पाण्याखाली काय होतं? कुठला नाला, कुठला देव, कुठली वाट. ते सांगतात तसं टिंब टाकून नाव लिहा आणि बोलणं रेकॉर्ड करा. गाणी आणि गोष्टींमध्ये त्या जागांची नावं येतात, जागाच नकाशावर नसली तर नातवाला ते गाणं कळणार नाही.

कॅसेटी

1980-90 च्या काळात लग्नात, भजनी मंडळात, तमाशात कुणीतरी टेपरेकॉर्डर लावलेला असतो, त्या कॅसेटी आजही कपाटावर बुटाच्या खोक्यात सापडतात. मिळाली की लगेच लावू नका. आधी डोळ्यांनी बघा, आत पांढरी बुरशी असेल तर जाणकाराकडे द्या. ठीक असेल तर एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवून घ्या, वर्षानुवर्षं चिकटलेली टेप मोकळी होते. टेपरेकॉर्डरचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाने पुसा. मग हेडफोनच्या भोकातून वायर काढून लॅपटॉपच्या ऑडिओ इनमध्ये, आणि ऑडॅसिटी नावाचं फुकट सॉफ्टवेअर. आवाज दबका येत असेल तर हेडजवळचा छोटा स्क्रू अगदी किंचित फिरवून बघा, आवाज एकदम उघडतो. पूर्ण बाजू न थांबवता रेकॉर्ड करा, खरखर साफ करायची ती कॉपीवर, मूळ फाईल तशीच खरखरीसकट ठेवा. आणि कॅसेट फेकू नका, वर काय लिहिलंय त्याचा फोटो काढा.

कागद आणि फोटो

कागदाला माझे दोन नियम आहेत, लॅमिनेशन नाही आणि सेलोटेप नाही. जुना फोटो लॅमिनेट केला की तो कायमचा अडकला. अल्बमच्या चिकट पानावरून फोटो ओढू नका, पानासकट स्कॅन करा. फोटोला 600 डीपीआय, लिहिलेल्या कागदाला 400, आणि फाईल टिफ (TIFF) फॉरमॅटमध्ये. मागची बाजू पण स्कॅन करा, स्टुडिओचा शिक्का, 'चि. सौ. कां.' काय असेल ते तिथेच असतं. स्कॅनर नसेल तर मोबाईलने होतं, ओट्यावर सावलीत, ऊन सरळ पडत नाही अशा जागी काळं कापड अंथरून, फ्लॅश बंद, मोबाईल कागदाला अगदी समांतर, आणि शेजारी पट्टी ठेवा म्हणजे आकार कळतो. प्रकाश म्हणजे काय हे ज्याला शिकायचंय त्याने चाळीसगावला जाऊन केकी मूस यांचे फोटो बघावेत, 1989 साली गेले ते, आयुष्य चाळीसगावच्या एका घरात काढलं आणि टेबलावर मांडलेल्या साध्या वस्तूंना असा उजेड दिला की बघत राहावं. मी जुनी भांडी, दागिने, कानबाईचा मुखवटा यांचे फोटो काढतो तेव्हा एका खिडकीशेजारीच काढतो ते त्यांच्यामुळे.

मोडीतले कागद मिळाले तर 'वाचता येत नाही' म्हणून रद्दीत घालू नका. वाचणारे आहेत. इतिहासाचार्य राजवाडे असे कागद गोळा करत गावोगाव पायी फिरले, 1926 च्या शेवटच्या दिवशी धुळ्यात गेले आणि त्यांच्या नावाने धुळ्यातच संशोधन मंडळ उभं राहिलं. समर्थ वाग्देवता मंदिर पण धुळ्यातच आहे, रामदासी परंपरेची हस्तलिखितं तिथे जपलेली आहेत. तिथे नेऊन दाखवा, निदान काय आहे ते तरी कळेल. मोडीला 2014 पासून युनिकोडमध्ये जागा आहे म्हणजे मोडी टाईप पण करता येते. भाऊबंदकीतला भाट येतो त्याची वंशावळीची वही मात्र त्याच्या परवानगीशिवाय स्कॅन करू नका, ते त्याचं पोट आहे.

आता दगड

गावाबाहेरचा वीरगळ (लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीचा कोरीव दगड), सतीशिळा, बारवेवरचा लेख, देवळाची चौकट. लेख असेल तर त्यावर खडू, पीठ, तेल काही फासू नका, घासून शेंदूर काढू नका. संध्याकाळी अंधार पडल्यावर जा, एकाने मोबाईल स्टँडवर समोर स्थिर धरायचा, दुसऱ्याने टॉर्च दगडाच्या अगदी कडेला नेऊन आडवा उजेड टाकायचा. दुपारी जिथे काही दिसत नव्हतं तिथे अक्षरं सावली टाकून वर येतात. मोबाईल न हलवता उजेड डावीकडून, उजवीकडून, वरून, खालून असा आठ बाजूंनी टाकून आठ फोटो घ्या. पाटणादेवीला भास्कराचार्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा शिलालेख आहे, 1207 सालचा, आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला आणि त्याला काय काय उत्पन्न द्यायचं ते त्यात आहे, शेवटचा भाग तर त्या काळच्या मराठीत. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजींनी तो अभ्यासून छापला म्हणून सगळ्यांना माहीत झाला. तुमच्या शिवारातला अर्धा पुसलेला लेख अजून कुणी वाचलेला नसेल, त्याचे आठ फोटो उद्या कुणाच्या कामाला येतील सांगता येत नाही.

वीरगळाचं थ्रीडी मॉडेल करायचं तर तेही मोबाईलवर होतं, याला फोटोग्रामेट्री म्हणतात. ढगाळ सकाळ निवडा, कडक उन्हात सावल्या फिरतात आणि मॉडेल बिघडतं. दगडाभोवती चालत गोल फेरी मारा, दर पावलाला एक फोटो, आधीच्या फोटोतला निदान सत्तर टक्के भाग पुढच्या फोटोत आला पाहिजे. एक फेरी गुडघ्याच्या उंचीवरून, एक छातीच्या, एक हात वर करून. साठ ते शंभर फोटो होतात. झूम करू नका, फ्लॅश नको, शेजारी मोजपट्टी ठेवा. मग रिअ‍ॅलिटीस्कॅनसारखं अ‍ॅप किंवा कॉम्प्युटरवर मेशरूम, दोन्ही फुकट मिळतात, फक्त मेशरूमला एनव्हीडियाचं ग्राफिक कार्ड लागतं, गावातल्या एखाद्या गेम खेळणाऱ्या पोराकडे असतं. चकचकीत पितळ, काच आणि तेल माखलेली मूर्ती याने नीट होत नाही. मॉडेल बिघडलं तरी ते शंभर मूळ फोटो जपून ठेवा, पाच वर्षांनी चांगलं सॉफ्टवेअर येईल.

थाळनेरच्या फारुकी कबरी, बळसाण्याची देवळं अशी संरक्षित ठिकाणं असतात, तिथे निळा बोर्ड दिसतो, साध्या मोबाईलने फोटो काढायला सहसा हरकत नसते पण स्टँड आणि ड्रोनला परवानगी लागते, ती काढूनच जा. आणि ही एक गोष्ट ठळक ध्यानात ठेवा, रानात एकटी पडलेली सुंदर मूर्ती सापडली तर तिचं लोकेशन इंटरनेटवर टाकू नका. मोबाईलच्या फोटोच्या फाईलमध्ये जागेची माहिती बहुतेक वेळा आपोआप नोंदलेली असते, टाकण्याआधी ती काढा. मूर्तिचोर पण इंटरनेट बघतात. स्वतःच्या वहीत मात्र नेमकी जागा लिहून ठेवा.

ठेवायचं कुठे

पेनड्राईव्ह म्हणजे साठवण नाही, सीडी तर नाहीच. प्रत्येक फाईलच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या जागी, आणि एक प्रत दुसऱ्या गावात. म्हणजे एक तुमच्या लॅपटॉपवर, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर जी पुण्याच्या भावाकडे किंवा नाशिकच्या आत्याकडे राहील, एक ऑनलाईन ड्राईव्हवर. वर्षातून एकदा, समजा दिवाळीच्या सुट्टीत, डिस्क लावून पाच-दहा फाईली उघडून बघा. पासवर्ड घरातल्या अजून एका माणसाला माहीत असू द्या. फाईलचं नाव तारखेने सुरू करा, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, पुढे गाव आणि विषय, म्हणजे आपोआप ओळीने लागतात. सोबत एक साधी एक्सेल शीट: फाईल, गाव, माहेर, कुणी म्हटलं, कुणी घेतलं, कशाची परवानगी. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, फोटो म्हणून पाठवला की लहान होतो आणि त्यातली तारीख पण उडते.

दाखवायचं कसं

यूट्यूब माणसांपर्यंत पोचायला चांगलं, पण तिथे टाकलं म्हणजे जपलं असं समजू नका, मूळ फाईल तुमच्याकडे हवी. तुम्ही स्वतः काढलेले देवळाचे, सणाचे फोटो विकिमीडिया कॉमन्सवर टाकता येतात, मग मराठी विकिपीडियाच्या लेखात ते लागतात. आवाज इंटरनेट आर्काईव्हवर ठेवता येतो. टाकण्याआधी समजून घ्या की कॉमन्सवरचं कुणीही वापरू शकतो, पैसे कमवायला सुद्धा, म्हणून गाणाऱ्या बाईंना तसं साध्या शब्दात सांगून मगच. भाषेच्या रकान्यात 'मराठी' टाकून मोकळे होऊ नका, अहिराणीला स्वतःचा कोड आहे, ए-एच-आर, तो टाका. दुसऱ्याच्या पुस्तकातलं स्कॅन करून टाकू नका, लेखक जाऊन साठ वर्षं व्हावी लागतात.

गावात क्यूआर कोडची पाटी लावायची फार जणांना हौस असते, लावा, पण फुकटच्या साईटवरून 'डायनॅमिक' कोड केला तर काही महिन्यांनी तो बंद पडतो आणि पैसे मागतो, ग्रामपंचायतीची पाटी तशीच मुकी राहते. 'स्टॅटिक' कोड करा, त्यात पत्ता थेट असतो. एक मीटरवरून स्कॅन व्हायला कोड साधारण दहा सेंटिमीटरचा लागतो. आणि पाटी वेगळ्या खांबावर, जुन्या दगडाला खिळा नाही, सिमेंट नाही.

पण खरं दाखवणं म्हणजे आखाजीला माहेरवाशिणी आलेल्या असतात तेव्हा. प्रोजेक्टर शाळेतून मागून घ्या, धाब्याच्या भिंतीवर धोतर नाहीतर पांढरी चादर बांधा, ब्लूटूथचा मोठा स्पीकर लावा. आधी जिने गाणं दिलं तिला समोर खुर्ची टाकून बसवा, तिचं नाव, माहेर पडद्यावर मोठ्या अक्षरात येऊ द्या. मधे मधे गावाचे जुने फोटो दाखवा, नावं न लिहिता, आणि वही-पेन घेऊन एक चुणचुणीत पोरगी बसवा, कारण लोक अंधारात ओरडून सांगायला लागतात, हा अमक्याचा बाप, ही विहीर बुजली ती, मागे डोक्यावर घागर घेतलेली ती आमची आत्या. आणि हे करताना तुमचा रेकॉर्डर चालूच ठेवा, मोकळी दहा जीबी जागा घेऊन. आमच्याकडे पहिल्या वेळी झोक्याचं एक गाणं लावलं, दोन कडवी झाली आणि मागच्या रांगेतून एक आजी उठल्या, म्हणाल्या हे गाणं इथे संपत नाही, आमच्याकडे पुढे अजून आहे, आणि उभ्या उभ्याच म्हणायला लागल्या, तेव्हा माझा मोबाईल पंख्यापासून लांब, गोधडीच्या घडीवर, फ्लाईट मोडवर होता.